रंगूबाई कोम कोण?

सरकार गावाला विचारतंय, ही गोष्टच मुळी निरवांगीला पचेना. सरकारनं आजवर सांगितलं होतं, मागितलं होतं, जप्त केलं होतं. विचारलं कधी नव्हतं. गावातला दारूचा गुत्ता ठेवायचा की काढायचा, हे विचारायला इंदापूरहून मामलेदारसाहेब चावडीवर येणार आणि ज्याला जे म्हणायचं असेल ते त्यानं, अगदी बायकांनीसुद्धा, तिथं येऊन म्हणावं, अशी दवंडी पिटली गेली तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, यात शेतसारा वाढवायची काहीतरी मेख आहे. उरलेल्या निम्म्या गावाला काहीच वाटलं नाही, कारण ते त्या वेळी गुत्त्यावरच बसलं होतं.

गुत्ता गेणबाच्या ओसरीवर होता. तालुक्यात साखरेचा कारखाना उभा राहिल्यापासून उसाच्या मजुरीचा पैसा गावात खुळखुळू लागला होता, तो दुसरीकडं जाऊ नये म्हणून गेणबानं लिलावात गुत्ता धरला. भिगवण टेसनावर पिंपं उतरत, बैलगाडीनं गावात येत आणि ओसरीवरच्या फळीमागं मांडली जात. गेणबा स्वतः थेंबाला शिवत नसे. दुसऱ्याला पाजून आपण कोरडं राहण्यात त्याला मोठंच पुण्य वाटे. ओसरीवर फळी आली त्या दिवसापासून घरच्या बायका मात्र गोठ्याच्या दारानं ये-जा करू लागल्या. रंगूबाई या घराची थोरली सून. वाजतगाजत पुढच्या दारानं आलेली, आणि आता शेणाच्या पाट्या ओलांडून स्वतःच्या घरात शिरणारी.

मामलेदार यायच्या दिवशी सकाळी गेणबा आरशासमोर जरीचा फेटा बांधत होता. रंगूबाई दारात उभी राहिली.

"मी बी चावडीवर येनार हाय."

"कशापायी?"

"सरकारनं बलवलंय."

"आज बायकांना बलवलंय, उद्या बैलांना बलवंल!"

"बैलं दारू पीत न्हाईत. त्यांना कशाला बलवतील?"

गेणबाच्या हातातला फेट्याचा पदर निसटला. तो त्यानं पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतला. "हे बघ, घरचा धंदा हाय. घरच्या बाईनं त्याच्या इरुद्ध बोलायचं, म्हंजी गावानं माज्या तोंडात शेन घालायचं."

"आन विजयमालाचं काय?"

"तिचं काय? बाळंतपन काय, कुठं बी हुतं."

हे वाक्य त्यानं याआधीही म्हटलं होतं, आणि दर वेळी रंगूबाईला वाटे, या माणसाला एकदा तरी कळ यायला हवी होती. विजयमाला ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला कळस गावी दिली होती आणि आता तिला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही रंगूबाईनं काढलेली रीत नव्हती. पण व्याही झुंबरराव चार माणसांत म्हणाले होते, "गुत्त्याच्या घरात आमची सून बाळंतपनाला येनार न्हाय. गुत्ता घरातनं काढा, दुसऱ्या दिशी गाडी जोडतो." लग्नात याच गुत्त्याची पिंपं त्यांच्या वऱ्हाडानं उपडी केली, तेव्हा मात्र झुंबररावांना घराचा विटाळ झाला नव्हता.

रंगूबाईच्या लेखी त्यांचा मान-अपमान गेला खड्ड्यात. तिला भीती होती ती वेगळीच. झुंबररावांची थोरली सून त्याच घरात पहिल्या बाळंतपणात गेली होती. कळा सुरू झाल्यावरही सासूनं, प्रयागबाईनं, तिच्याकडून जात्यावरचं दळण पुरं करून घेतलं, असं सगळं कळस कुजबुजत होतं. सुईण आली ती मढं धुवायलाच. त्या जात्यापुढं आता विजयमाला बसत होती, आणि हा गडी आरशासमोर बसून फेट्याचा तुरा सरळ करत होता.

"तुमी फेटाच बांधा," एवढं बोलून ती मागच्या दारानं बाहेर पडली.

गोठ्यात तिला धाकटा दीर कुंडलिक भेटला. एकाच घरात दोघा भावांच्या चुली वेगळ्या होत्या आणि गुत्त्यावरून त्यांचं चारचौघांत वाजतही असे. मळा तेवढा अजून एकत्र होता. मागल्या निवडणुकीपासून कुंडलिकच्या डोक्यावर पांढरी टोपी आली होती आणि टोपीबरोबर आवाजही आला होता. आधी हा माणूस बैलांना हाका घालताना लाजायचा. आता जेवायला बसला तरी सभेला उभा असल्यासारखा बोलायचा.

"वैनी, बाया येनार ना?"

"येत्यात. पर भावजी, मला एकदा नीट सांगा. गुत्ता जानार का?"

"जानार म्हंजी? मुळासकट! दारू हा समाजाच्या अंगाला लागलेला—"

"समाजाचं ऱ्हाऊ द्या. आपल्या घरातनं जानार का?"

"तुमी फकस्त बाया उभ्या करा. फुडलं माज्याकडं लागलं."

त्याच्यामागं त्याची बायको धोंडाबाई उभी होती. तिनं मान हलवली, पण रंगूबाईकडं पाहिलं नाही. रंगूबाईला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल.

बाया उभ्या करणं कुंडलिकला तोंडानं सोपं होतं. रंगूबाईला ते पायांनी करावं लागलं होतं. ज्या बायका गुत्तेवालीचं हळदीकुंकू नको म्हणून तिचं दार टाळत, त्यांच्याच दारात ती आदल्या दिवशी एकेक करून जाऊन आली होती. तालमीजवळच्या सारजानं तर तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"तुजाच नवरा पाजतो, आन तूच आमाला बोलवाया आलीस?" सारजा म्हणाली होती. तिचा नवरा बिरदेव एके काळी फडात नाव असलेला पैलवान. आता त्याला गुत्त्यावरून घरी आणायला चौघं लागत.

"व्हय. माज्याच घरातनं वाटलं जातंय, म्हनून तर मलाच यायला पायजे."

"आन येऊन उपेग काय?"

"मला ठावं न्हाय. पर सरकार पहिल्यांदा इचारतंय. न्हाय सांगितलं, तर उद्या म्हनतील बायकांचं काय म्हननंच न्हवतं."

शेवटी सारजा म्हणाली, "तुज्या शब्दावर येते. फशिवलंस तर तुज्या दारात बसून बोंब ठोकीन."

चावडीवर दुपारपासून गर्दी झाली. मधोमध खुर्ची, तिच्यावर मामलेदार. शेजारी घडवंचीवर कारकून. उजव्या हाताला पाटील, त्यांना खेटून गेणबा. समोर पाहुण्यांच्या मानाच्या जागी तक्क्याला टेकून झुंबरराव. ते कळसहून गाडी जोडून मुद्दाम आले होते, कारण व्याह्याच्या घरची उठाठेव फुकटात बघायला मिळते तेव्हा माणूस लांबच्या रस्त्याचं बघत नाही. बायका कडेला, चावडीच्या भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या.

आधी पुरुषांची मतं झाली. पाटील म्हणाले, गुत्त्यामुळं गावाला रोनक आहे, चार गावचा माणूस येतो. एक जण म्हणाला, दारू ही थंडीतापावर औषध आहे. याला बाराही महिने थंडीताप असे. तिसरा म्हणाला, गुत्ता काढला तर लोक उसात हातभट्ट्या लावतील, आणि हे त्यानं इतकं बारकाईनं सांगितलं की मामलेदारांनी भुवया उंचावून त्याचं नाव दुसऱ्यांदा विचारलं. चौथा उभा राहिला, त्याला आपण हव्याच्या बाजूचे की नकोच्या हे आठवेना, तेव्हा दोन्हीकडून टाळ्या घेऊन तो खाली बसला. असा गाव सरकारला शहाणपण शिकवत होता.

मग कारकुनानं बायकांकडं तोंड वळवलं. तेवढ्यात पाटील खाकरले.

"साहेब, एक शंका हाय. ह्या कोन, कुनाच्या, कशावरनं? उद्या परगावच्या बाया येऊन हितं बोलून जातील."

"पाटील, तुम्ही गावचे. तुम्ही ओळखत असालच की."

"मी परक्या बायकांची तोंडं बघत न्हाय, साहेब."

पाटलांचं हे व्रत गावाला अगदीच नवीन होतं. दोघातिघांना खोकल्याची उबळ आली. पण मामलेदार परगावचे. त्यांना ते पटलं. ते म्हणाले, "ठीक आहे. प्रत्येकीनं स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगावं. त्याशिवाय मत धरलं जाणार नाही."

गेणबानं पाटलांकडं पाहिलं आणि मिशीवर बोट फिरवलं. रंगूबाईनं ते पाहिलं. हे दोघांनी मिळून शिजवलेलं होतं, यात तिला आता शंका उरली नाही.

सारजा पहिली उभी राहिली.

"नाव?"

"सारजा."

"सारजा कोम कोण?" कारकुनानं विचारलं. कोम म्हणजे सरकारी भाषेत अमक्याची बायको.

सारजानं मागं बायकांकडं पाहिलं.

"बाई, नवऱ्याचं नाव?"

"ते न्हाईत का... तालमीम्होरं घर हाय. पैलवान."

"गावात तालीम आहे म्हणजे पैलवान पुष्कळ असतील. नाव सांगा."

सारजानं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नात, डोहाळजेवणात, चार बायकांत, उखाण्यात गुंफून. चावडीवर, गावच्या साऱ्या बाप्यांसमोर ते घ्यायची वेळ तिच्या सात पिढ्यांत कुणावर आली नव्हती. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून ती खालमानेनं पुटपुटली,

"भरल्या बाजारात इकली कांद्याची पात, बिरदेवरावांची वाट बघता सरली माजी रात."

क्षणभर कुणाला कळलं नाही आणि मग चावडी फुटली. पुरुष मांड्यांवर थापा मारून हसायला लागले. बिरदेव स्वतः मागं खांबाला धरून उभा होता, तो "वा गं माजी रानी!" म्हणून ओरडला आणि पुन्हा खांबाला चिकटला. "आनिक एक हुऊ द्या!" "लग्नातला म्हना!" मामलेदारांनीही रुमालाआड मिशी पुसली. सारजाच्या आयुष्याचं सगळं दुःख त्या एका ओळीत होतं आणि गाव त्यावर तमाशा बघितल्यासारखा खूश झाला होता. सारजा मटकन खाली बसली.

दुसरी बाई उठायला तयार होईना. तिसरी म्हणाली, "नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य कमी हुतं. मला न्हाय जमायचं." नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य किती कमी होतं याची या गावाला पक्की खात्री होती; गुत्त्यानं किती कमी होतं हे मात्र कुणी विचारत नव्हतं. भिंतीकडच्या दोघी उठून निघूनही गेल्या.

"तर मग बायकांचं मत—" मामलेदार म्हणाले.

तेवढ्यात कुंडलिक उभा राहिला. रंगूबाईला हायसं वाटलं. निदान हा तरी बोलेल.

कुंडलिकनं टोपी सारखी केली. "साहेब, दोनी बाजूंचं ऐकलं. गुत्ता भर वस्तीत हाय ही वाईटच गोष्ट हाय. आयाबहिनी येत्यात-जात्यात. तवा माजी इनंती हाय की थोरल्या भावाच्या घरातला गुत्ता आजच्या आज हलवावा."

"हलवावा?" मामलेदार म्हणाले. "कुठं?"

"गावाबाहेर. रस्त्याच्या कडंला आमचा मळा हाय. मजूर कामावरनं तितनंच येत्यात. तितं एक छप्पर घालता येईल. आन थोरल्यांवर लोकांचा राग नको, म्हनून गुत्ता माज्या नावानं करावा. धा वाईट बोल लागलं तर मला लागू द्यात. समाजासाठी तेवढं सोसायला मी तयार हाय."

पांढऱ्या टोपीनं एवढं बोलून नम्रपणे मान खाली घातली. गेणबा हसत होता. भावाभावांचं वरवरचं भांडण गावाला दाखवायला होतं. आतून दोघांचं केव्हाच ठरलं होतं. रंगूबाई सावकाश धोंडाबाईकडं वळली.

"तुला ठावं हुतं?"

धोंडाबाई जमिनीवर रेघा ओढत होती. "मला म्हनले, वैनीला सांगू नको. मी काय करू, अक्का?"

समोर झुंबररावांनी तक्क्यावरची कोपरं बदलली. "ह्ये ब्येस हाय," ते म्हणाले. "घरातनं निगाला म्हंजी झालं. माजी काय हरकत न्हाय. परवा गाडी जोडतो, सुनेला आनून सोडतो."

हे ऐकलं आणि रंगूबाई मनातल्या मनात दिवस मोजू लागली. विजयमाला येणार. परवा येणार. त्या जात्यापासून सुटणार. तिनं काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. मामलेदारांनी मान डोलावली असती, कारकुनानं लिहून घेतलं असतं, आणि दोन दिवसांत लेक दारात उतरली असती. तिला इतका मोह झाला की तिची तिलाच लाज वाटली. हे सगळे नीच, हे तिला केव्हाच कळलं होतं. पण आपल्यालाही त्यांच्याच पंगतीला बसायला पाट मांडून ठेवलाय, हे तिला आत्ता कळत होतं.

तिनं सारजाकडं पाहिलं. सारजा तिच्याकडं बघत नव्हती. तिनं बोंबही ठोकली नाही, शिवीही दिली नाही. फसवलं जाण्याची तिला इतकी सवय होती की यात तिला नवल काही वाटलंच नव्हतं. मळ्याच्या रस्त्यानंच तर बिरदेव कामावरून येत असे. आधी त्याला गुत्त्यापर्यंत चालत तरी यावं लागे. आता गुत्ताच वाटेत उभा राहणार होता.

रंगूबाई उठली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती घडवंचीपुढं जाऊन उभी राहिली.

"ल्ह्या," ती म्हणाली.

कारकुनानं मामलेदारांकडं पाहिलं, मग टाक उचलला. "नाव?"

"रंगूबाई."

"रंगूबाई कोम कोण?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ऐका, ऐका, गुत्तेवालीचा उखाना!" हसू पिकायच्या बेतात होतं.

"गेणबा," रंगूबाई म्हणाली.

त्यात राव नव्हतं, उखाणा नव्हता, पदर दातात धरणं नव्हतं. शेजारच्या पोराला हाक मारावी तसं ते नाव तिच्या तोंडातून बाहेर पडलं आणि चावडीवर पडून राहिलं. हसू ज्याच्या त्याच्या घशात अडकलं. गेणबाचा हात आपोआप फेट्याकडं गेला, जणू तो कुणी उडवला होता.

"काय म्हणालात?" कारकुनानं विचारलं. त्याला ऐकू आलं होतं. विश्वास बसत नव्हता.

"गेणबा. त्यो बघा, जरीचा फेटा बांधून बसलाय, त्योच. जित्ता हाय अजून. नाव घेतल्यानं मेला न्हाय."

"रंगे!" गेणबा उठून उभा राहिला.

"बसा, बसा," मामलेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात आता मघाचं हसू नव्हतं. "बाई, तुमचं मत?"

"गुत्ता नको. घरात नको, मळ्यात नको, गावाच्या शिवंत नको. मळा अजून वाटला न्हाय, साहेब. त्यात आमची बी चूल हाय. टोपी घालून कुनी तितं छप्पर घालाया आलं, तर मी हातानं उपटून टाकीन."

"वैनी, तुमाला राजकारन कळत न्हाय," कुंडलिक दातओठ खात हसला. "तुमच्याच लेकीसाठी—"

"माज्या लेकीचं नाव घेऊ नका भावजी. त्याला चांगलं तोंड लागतं."

भिंतीकडं हालचाल झाली. सारजा पुन्हा उभी राहिली होती. या वेळी पदर खांद्यावर होता. "माजं बी ल्ह्या," ती म्हणाली. "सारजा कोम बिरदेव. गुत्ता नको." खांबाला धरलेल्या बिरदेवनं दचकून इकडंतिकडं पाहिलं, आपल्याला कुणी हाक मारली ते त्याला कळेना.

मग त्या एकेक उठल्या. बनाबाई कोम धर्मा. सिंधुबाई कोम मारुती. आयुष्य कमी होतं म्हणणारीही उठली आणि डोळे घट्ट मिटून नवऱ्याचं नाव बोलून टाकलं, मग एक डोळा उघडून तो अजून बसलाय का ते बघितलं. ज्याचं नाव निघे तो पुरुष मान खाली घाली. आपलं नाव इतकं उघडं, इतकं साधं असतं, हे त्यांनी लग्न झाल्यापासून घरातल्या बाईच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. पाटील वर आढ्याकडं बघत होते, कारण परक्या बायकांची तोंडं न बघण्याचं व्रत आता मोडता येत नव्हतं. सगळ्यांत शेवटी धोंडाबाई उभी राहिली. "धोंडाबाई," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "कोम कुंडलिक. मळ्यात बी नको."

कुंडलिकची टोपी होती तिथंच होती, पण तिच्याखालचं तोंड एवढंसं झालं.

मामलेदार उठले. हुकूम वरून येईल, तोवर ओसरीवरची फळी बंद राहील, आणि हलवाहलवीचं काही बोलायचं कारण नाही, असं सांगून ते घोड्यावर बसले. सरकारनं विचारलं, गावानं सांगितलं, आणि दोघांनाही आता याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

रंगूबाई पाहुण्यांकडं वळली.

"इवाईबुवा, गुत्ता बंद झाला. परवा गाडी जोडता न्हवं?"

झुंबररावांनी उपरणं झटकलं. ते तिच्याकडं न बघता गेणबाशी बोलले. "पावनं, गुत्ता परवडला, पर ह्ये न्हाय. चावडीवर चार गावच्या बाप्यांसमोर नवऱ्याचं नाव घेनारी बाई! आमच्या सुनेनं हिच्यापाशी ऱ्हाऊन काय शिकायचं? तिचं बाळंतपन आमच्या घरीच हुईल."

गेणबा फेटा सोडत होता.

रंगूबाईला हसू आलं. ते थांबेना. सकाळपासून, नव्हे लेक दिल्यापासून, ती या माणसाची एकेक अट पुरी करत धावत होती आणि अट पुढं पळत होती. गुत्ता गेला तरी काहीतरी निघालंच असतं. ती गप्प बसली असती तरी परवा गाडीचा बैल लंगडला असता. या माणसाला सून पाठवायचीच नव्हती, कारण ती गेली तर त्याच्या घरचं दळण कोण दळणार?

झुंबरराव खाली उतरून गाडीत बसले आणि त्यांनी कासरा हातात घेतला. तेवढ्यात गाडी मागून खाली दबली. रंगूबाई मागच्या बाजूनं चढून आत बसली होती.

"ह्ये काय, इहीनबाई?"

"लेक येत न्हाय, तर मीच येते. बाळंतपन हुईस्तवर ऱ्हाते. लाज सोडलीच म्हनताय न्हवं? मग अर्दीच कशाला सोडू?"

"उतर खाली!" गेणबा चावडीवरून ओरडला. "गेलीस तर परत हितं—"

"नातू झाल्यावर बोलू," ती म्हणाली. या वेळी तिनं त्याचं नाव घेतलं नाही. त्याची गरज नव्हती.

धोंडाबाई घराकडून धापा टाकत आली. तिच्या काखेत बोचकं होतं: डिंक, अळीव, सुंठ, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. रंगूबाईनं लेकीसाठी जमवलेलं सगळं तिनं एका फेऱ्यात उचललं होतं. ते गाडीत ढकलून ती काही न बोलता बाजूला झाली. चावडीभोवतीचं सगळं गाव बघत होतं. भरल्या गावात विहिणीला हाताला धरून गाडीतून ओढायचं, तर झुंबररावांसारख्या अब्रूदार माणसाला ते कसं शोभणार? अब्रूचा असा उपयोग रंगूबाईला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

झुंबररावांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. "इहीनबाई, नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं पानी पीत न्हाईत. रीत हाय. आमच्याकडं ऱ्हाऊन पिनार काय तुमी?"

"तुमच्याच घरचं पानी पिईन," रंगूबाई म्हणाली आणि बोचकं मांडीवर घेऊन नीट टेकून बसली. "आन जात्यापुढं बी मीच बसीन. हाका."

झुंबररावांनी बैलांना चुचकारलं आणि गाडी कळसच्या रस्त्याला लागली.